शिडाच्या बोटीने फिरताना खराब हवेमुळे बंदरात अडकलो, तर निघायचं कधी हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की सोबतचे मित्र कंटाळलेत आणि शेजारच्या दोन बोटी निघूनही गेल्या. त्या दोन बोटी आधी डोक्यातून काढा. दुसरा निघाला हे आपण निघायचं कारण नव्हे.

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण याच विषयावर माझं मेहुण्याशी कित्येक वर्षं वाजतंय. तो सुट्टी काढून आम्हा नवराबायकोबरोबर आला होता. मी आधीच बजावलं होतं, उतरायचं ठिकाण विचार नाहीतर तारीख, दोन्ही मिळणार नाही. तरी पठ्ठ्याने पुढच्या शहरातून विमानाचं तिकीट काढलं. मग वारा लागला. दोर दुप्पट बांधून बसलो. ओलसर गाद्या, पत्ते, डोलकाठीवर रात्रभर टणटण आपटणाऱ्या दोऱ्या (त्या बाजूला ताणून बांधत जा हो, शेजारी शिव्या घालतात).

एका सकाळी लख्ख ऊन पडलं. बंदरातलं पाणी अगदी तळ्यासारखं. "दाजी, आता कसली वाट बघताय?" मी त्याला ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, टोकापर्यंत चालवत नेलं. वारा पडला होता, समुद्र पडला नव्हता. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि समोरून येणाऱ्या लाटा त्याला भिडून उभ्याच्या उभ्या, बंदराच्या ऐन तोंडावर फुटत होत्या. मी म्हटलं, आज नाही. आम्ही तिथे उभे असतानाच शेजारची बोट बाहेर पडली.

संध्याकाळी त्यांचा फोटो आला, सगळे हसताहेत. खोटं कशाला बोलू, त्यांचा प्रवास झकास झाला. तो फोटो मेहुणा आजही प्रत्येक लग्नकार्यात दाखवतो. माझं उत्तरही तेच आहे: त्यांची बोट मोठी, इंजिन दमदार, सुकाणू धरायला चार तयार माणसं. आमच्याकडे सुकाणूला दोघं आणि उलट्या करायला तो.

आता आकडे. हवामान अंदाजातला वारा सरासरी असतो, झोत त्याहून 40 टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतात. अंदाजातली लाटांची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी दुप्पटही येते. वारा 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 30 झाला की शिडावरचा दाब सव्वादोन पट होतो. अमेरिकन आणि युरोपियन हवामान मॉडेलचे अंदाज जुळत नसतील तर मी थांबतो. बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र) भराभर चढतोय म्हणून खूश होऊ नका, तेव्हाही वारा झोडपतो. आणि बंदराचं तोंड उथळ असेल तर भरतीची वेळ बघूनच निघा.

शर्यतवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना सुटायची वेळ ठरवून दिलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या 1998 च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत वादळ आलं आणि सुटलेल्या 115 बोटींपैकी 44 पोचल्या, 6 माणसं गेली. तुम्हाला कोण सोडतंय बंदूक उडवून?

हां, एक राहिलंच. थांबणं प्रत्येक बंदरात सुरक्षित नसतं. वारा थेट तोंडातून आत येणार असेल तर लाटा आत शिरतात, बोट धक्क्यावर आपटते, दोर घासून तुटतात. असं बंदर वादळ यायच्या आधीच सोडून आडोशाचं गाठायचं. ते जमलं नाही तर दोर जिथे घासतो तिथे जाड नळीचा तुकडा चढवा आणि रात्री उठून बघत राहा. आणि सगळं जुळून आल्यावरही जो निघत नाही, त्याला हवामानाची अडचण नसते. त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं.

मित्रांपैकी कुणी तिकीट काढलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढलं असेल तर ते बदलण्याचे पैसे ज्याने काढलं त्याने भरायचे, बोटवाल्याने नाही. मेहुण्याकडून माझे अजून यायचेत.