अहवालात ‘डेक्स्ट्रोकार्डिया’, ‘हेटेरोटॅक्सी’ आणि ‘राइट आयसोमेरिझम’ असे तीन शब्द आहेत. माझ्या भाचीला तीन वेगळे आजार आहेत का?

नाही. डेक्स्ट्रोकार्डिया एवढेच सांगतो, की हृदय छातीत उजवीकडे आहे. हेटेरोटॅक्सी सांगतो, की अवयवांची डावी-उजवी मांडणी नेहमीसारखी नाही आणि आरशातल्यासारखी पूर्ण उलटीही नाही. तिसरा शब्द सर्वांत नेमका आहे: दोन्ही अलिंदांची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) अपेंडेजेस, म्हणजे कानाच्या पाळीसारखे भाग, उजव्याच घडणीची आहेत. तो शब्द कोणीतरी लिहिला याचे मला फार मोल वाटते.

मी बालहृदयरोगाचे प्रशिक्षण घेत असताना चार महिन्यांचे एक बाळ इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी आले. ओठ आणि नखे निळी होती. आधीच्या अहवालात ‘डेक्स्ट्रोकार्डिया, एकच निलय (हृदयाचा खालचा कप्पा), फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद’ एवढेच होते. मी प्रोब छातीवर न ठेवता आधी छातीच्या मधल्या हाडाखाली, पोटावर आडवा धरला. एरवी तिथे मणक्याच्या डावीकडे महारोहिणी (हृदयातून रक्त नेणारी मुख्य रोहिणी) आणि उजवीकडे अधोमहाशीर (शरीराच्या खालच्या भागातून रक्त परत आणणारी मोठी शीर) दिसते. या बाळात दोन्ही डावीकडेच होत्या, शीर पुढे आणि रोहिणी मागे. यकृत मधोमध दोन्ही अंगांना सारखे पसरलेले होते आणि प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू व जुन्या पेशी गाळणारा पोटातला अवयव, शोधूनही सापडली नाही. मी पहिल्याच ओळीत ‘राइट आयसोमेरिझम, प्लीहा दिसत नाही’ असे लिहिले. वरिष्ठांनी ती ओळ खोडली. “सर्जनला छिद्र कुठे आहे ते सांगा, नावांची वंशावळ नको,” असे ते म्हणाले.

शंटची, म्हणजे फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट काढण्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. प्लीहा नसेल तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग झपाट्याने जिवावर बेततो, पण डिस्चार्ज कार्डावर न्यूमोकोकसच्या लसीचा किंवा रोजच्या पेनिसिलिनचा उल्लेखही नव्हता. सात आठवड्यांनी रात्री ताप चढला, आईने पॅरासिटामॉलचे थेंब दिले आणि सकाळी बाळाला आणले तेव्हा ते निपचित होते. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींमध्ये हॉवेल-जॉली बॉडीजचे, म्हणजे पेशीत उरलेल्या केंद्रकाच्या अवशेषांचे गडद ठिपके दिसत होते. प्लीहा काम करत असती तर तिने ते काढून टाकले असते. बाळ वाचले नाही. नावाने काय फरक पडतो, या प्रश्नाचे माझे उत्तर तेव्हापासून हेच आहे.

नावांचा वाद अर्थात जुना आहे. 1955 मध्ये स्वीडनच्या इव्हेमार्क यांनी प्लीहेचा अभाव आणि हृदयदोष यांची सांगड घातली, आणि पुढे बरीच वर्षे प्लीहा नाही की अनेक आहेत यावरूनच गट पाडले जात. बोस्टनच्या रिचर्ड व्हॅन प्राघ यांनी हृदय अलिंद, निलय आणि मोठ्या रोहिण्या असे खंडाखंडाने वाचायला शिकवले. मात्र अलिंदांचे आयसोमेरिझम त्यांना मान्य नव्हते. लंडनच्या रॉबर्ट अँडरसन यांनी अपेंडेजमधील कंगव्याच्या दात्यांसारखे स्नायू झडपेभोवती कुठवर पसरतात, यावरून उजवे-डावे ठरवण्याचा आग्रह धरला. मला अँडरसन पटतात, कारण प्लीहा आणि अलिंदे यांचा मेळ दर वेळी बसत नाही. उजव्या प्रकारात फुप्फुसांच्या शिरा भलतीकडे उघडतात का हे पाहावे लागते, तर डाव्यात (लेफ्ट आयसोमेरिझममध्ये, जिथे दोन्ही अपेंडेजेस डाव्या घडणीची असतात) अधोमहाशीर मध्येच खंडित असणे आणि हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या ठोक्याचा विद्युतसंदेश अडणे, या गोष्टी अधिक आढळतात. हे ‘छिद्र कुठे आहे’ एवढ्या उत्तरात मावत नाही.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा: प्लीहा सोनोग्राफीत दिसली का, ती काम करते का, लसी आणि रोजचे प्रतिजैविक याबद्दल काय ठरले? हेटेरोटॅक्सीत आतड्यांची मांडणीही वेगळी असू शकते, म्हणून हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडल्याची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

आता थोडी सावधगिरी. मी भाचीचा इको पाहिलेला नाही. राइट आयसोमेरिझममध्ये क्वचित प्लीहा असते, आणि डाव्या प्रकारात अनेक प्लीहा असूनही त्या नीट काम करतीलच असे नाही. सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतील तर तो सायटस इन्व्हर्सस. त्यात हृदय पुष्कळदा निर्दोष असते आणि वरचे बरेचसे लागू होत नाही. तापात किती वेळात आणि कुठे पोहोचायचे, हे मात्र या तपासण्यांची वाट न पाहता आजच लिहून घ्या.