'मे आय', 'कॅन आय' आणि आपलं 'येऊ का?'

मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. वर्गात तिनं 'कॅन आय ड्रिंक वॉटर?' असं विचारलं, तर 'आय डोन्ट नो, कॅन यू?' असं उत्तर मिळालं आणि सगळी मुलं हसली. घरी येऊन ती खूप रडली. 'कॅन आय' म्हणणं खरंच चूक आहे का? शिवाय तिच्या वहीत 'मे आय कम इन?' याचा अर्थ 'मी आत येऊ शकते का?' असा दिला आहे, तो मला खटकतो. बरोबर काय?"

ताई, आधी वहीचं बघू. तुम्हाला खटकलं ते अगदी योग्य खटकलं. मराठीत परवानगी मागायला 'शकणे' लागतच नाही. 'आत येऊ का?' एवढं पुरतं. व्याकरणाच्या पुस्तकात आज्ञार्थाच्या तक्त्यात 'मी करू, तू कर, तो करो' अशी ओळ असते. दुसऱ्याला सांगायचं तर 'कर'. तेच रूप स्वतःकडे वळवलं की 'करू', आणि पुढे 'का' लावला की निर्णय समोरच्याच्या हाती गेला: तुम्ही म्हणाल तर करते. म्हणून उत्तरही आज्ञार्थातच येतं. 'येऊ का?' 'ये.' 'बसू का?' 'बस नं.' मोजक्या शब्दांत मागणं, मोजक्या शब्दांत देणं. 'शकणे' मात्र शक्तीच्या घरातलं क्रियापद आहे. प्लॅस्टर निघाल्यावर मुलगी डॉक्टरांना 'आता मी धावू शकते का?' असं विचारेल, तिथे ते शोभतं. दारात उभ्या असलेल्या, धडधाकट पायांच्या मुलीला ते कशाला हवं?

आपल्याकडे हे 'येऊ शकते का' जरा जास्तच ऐकू येतं, कारण 'क्या मैं अंदर आ सकती हूँ?' हे वाक्य नागपूरकरांच्या कानात पहिल्यापासून आहे. १९५६ पर्यंत आपलं शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत आणि बाजारात मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी बसायच्या. तरी महालात, इतवारीत जुन्या घरांमधून अजून 'येऊ का जी?' ऐकू येतं. त्या 'जी'नं सगळा आदर सांभाळलेला असतो.

आता 'कॅन' आणि 'मे'. वर्गातल्या त्या उत्तराचा रोख 'मला काय माहीत, तुला पाणी पिता येतं का?' असा होता. 'कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी' हा नियम जुन्या व्याकरणांतून आला आणि शाळांनी तो जपला. पण या दोन शब्दांचा जन्म पाहिला तर तो नियम फार काळ टिकत नाही. जुन्या इंग्रजीत 'मे'चा पूर्वज म्हणजे बळ असणं, समर्थ असणं. म्हणजे आज ज्याला शुद्ध परवानगीचा शब्द म्हणतात, तोच मुळात ताकदीचा होता. आणि 'कॅन'चा पूर्वज म्हणजे माहीत असणं. 'कॅन', 'नो' म्हणजे जाणणे, संस्कृतातलं 'ज्ञा' आणि आपलं 'जाणणे' हे सगळे एकाच मुळाचे कोंब आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी दिवस 'कॅन' उच्चारताना मनात 'जाण' म्हणत होते. जाणण्यातून जमणं आलं आणि जमण्यातून मुभा. 'मे' ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं 'कॅन'ही गेला, फक्त उशिरा. आज इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं घरात, मित्रांत, दुकानात सर्रास 'कॅन आय' म्हणतात आणि चांगले शब्दकोशही हा अर्थ नोंदवतात. तेव्हा तुमच्या लेकीचं वाक्य चूक नव्हतं. वर्गात ते थोडं घरगुती वाटलं असेल, एवढंच. तिला तसं सांगा, आणि आजच सांगा. आठ वर्षांच्या मुलीला तहान लागली असताना व्याकरणावरून हसू झालं, ही गोष्ट तिच्या मनात बसायला नको.

मुलांना मी पायऱ्या अशा सांगते: मैत्रिणीचं रबर हवं तर 'कॅन आय', अनोळखी माणसाला किंवा दुकानात 'कुड आय', मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात 'मे आय'. तिन्हीच्या शेवटी 'प्लीज'. इतकं पुरे.

मात्र 'कुड'पाशी थांबायला हवं. मुलं विचारतात, हा तर 'कॅन'चा भूतकाळ, मग आत्ताचं पाणी मागायला भूतकाळ कशाला? याचं उत्तर मला माझ्याच दारात मिळालं. आमच्या अंगणात समोरच्या मैदानातला बॉल नेहमी येतो. एका संध्याकाळी शेजारचं पोट्टं फाटकाशी आलं, कडीवर हात ठेवला पण कडी काढली नाही, आणि म्हणालं, "काकू, एक काम होतं." काम होतं! बॉल तर आत्ता कुंड्यांमागे पडलाय, काम आत्ताच आहे, तरी 'होतं'. मग म्हणालं, "बॉल घ्यायला आत आलो तर चालेल का?" पुन्हा 'आलो', भूतकाळी रूप, आणि तो अजून फाटकाबाहेरच. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. भूतकाळ वापरला की मागणं एक पाऊल मागे सरकतं, समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा मिळते. इंग्रजीतला 'कुड' नेमकं हेच करतो. तेव्हापासून मी 'कुड' शिकवताना 'काम होतं'पासून सुरू करते आणि पोरांना ते लगेच पटतं. एक सांभाळायचं: विचारताना 'कुड', पण उत्तर देताना 'येस, यू कॅन'. 'येस, यू कुड' असं परवानगी देताना म्हणत नाहीत. मागणाऱ्यानं मागे सरकावं, देणाऱ्यानं सरकू नये.

खरी चूक जिथे होते ती वेगळीच आहे, आणि ती वर्गावर्गात ऐकू येते: 'मे यू गिव्ह मी युवर पेन?' मुलांनी 'मे' म्हणजे 'नम्र' एवढंच पाठ केलेलं असतं, म्हणून ती ते कुठेही लावतात. परवानगी मागताना 'मे'च्या मागोमाग बहुतेकदा 'आय' किंवा 'वी' येतं, 'यू' नाही, कारण बहुधा मागतो ती स्वतःच्या कृतीसाठी. दुसऱ्याकडून काही करून हवं असेल तर 'कुड यू' किंवा 'विल यू'. मराठीत हा फरक मुलं कधी चुकत नाहीत. 'पेन घेऊ का?' आणि 'पेन देतोस का?' यांत गोंधळ होत नाही. म्हणून आधी मराठीत विचारायला लावावं: घेऊ की देतोस? 'घेऊ' असेल तर 'मे आय', 'देतोस' असेल तर 'कुड यू'.

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' हे थोडं मोठ्या मुलांसाठी. इथे 'नो' म्हणजे परवानगी! मुलं आनंदानं 'येस, येस' म्हणतात आणि विचारणारा बिचारा उभाच राहतो. इथेही मराठी मदतीला येते. 'हरकत नाही ना?' 'नाही, बसा.'

आणि 'प्लीज'. वहीत त्याचा अर्थ 'कृपया' असेल. पण घरात 'आई, कृपया वरण वाढ' कोण म्हणतं? 'कृपया' स्टेशनवरच्या भोंग्याचा आणि सरकारी पाटीचा शब्द. 'प्लीज'च्या जागी आपल्याकडे 'जरा' असतं, 'ना' असतं, 'देतेस का' मधला 'का' असतो, तू-तुम्ही असतं, आपल्याकडे 'जी' असतं. आजच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघांना एकच 'यू', त्यामुळे सगळ्या अदबीचं ओझं 'मे', 'कुड' आणि 'प्लीज'वर पडतं. आपलं मूल 'आई, पाणी दे' म्हणतं त्यात उर्मटपणा नसतो. तेच शब्दशः 'गिव्ह मी वॉटर' झालं की इंग्रजी कानाला हुकूम वाटतो. मूल तेच, मन तेच. त्याला 'मॅनर्स नाहीत' म्हणून रागावण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

घोकंपट्टीऐवजी एक खेळ सुचवते. इंग्रजी मुलांचा जुना खेळ आहे, 'मदर, मे आय?' एक जण 'आई' होऊन समोर उभी राहते, बाकीची रांगेत. 'आई' म्हणते, 'टेक थ्री बिग स्टेप्स.' पुढे सरकण्याआधी 'मदर, मे आय?' विचारायचं, 'येस, यू मे' ऐकायचं, मगच पाऊल. विचारायचं विसरलं की परत मागे. आमच्या मैदानात मी तो दोन भाषांत घेते. इंग्रजी फेरीत 'मे आय?', मराठी फेरीत 'येऊ का?' 'ये.' मराठी फेरीत 'येऊ शकतो का?' म्हणणाऱ्यालाही परत रांगेत पाठवते. पहिल्या दिवशी एक मुलगी तीन वेळा मागे गेली. चौथ्यांदा तिनं पाऊल उचललं, हवेतच धरलं, ओरडून 'येऊ का?' विचारलं आणि 'ये' ऐकूनच टेकवलं.

ताई, परीक्षेत 'मे आय'च लिहू द्या, गुण त्यालाच मिळतील. वहीतल्या वाक्यापुढे पेन्सिलनं 'आत येऊ का?' असं लिहा आणि लेकीला ते मोठ्यानं वाचायला सांगा. आणि घरी तिनं 'कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?' असं विचारलं, तर 'ऑफ कोर्स' म्हणून पेला हातात द्या.