राउटर लिहिलास, आता जर्मनीला यायचं म्हणतोस तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वाळूजमध्ये औषध कारखान्यांसाठी स्किड, म्हणजे एका चौकटीवर जोडून दिलेली यंत्रं, बनवणाऱ्या कंपनीत पाच वर्षं पायपिंग डिझाइन, त्यात प्लांट थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर सी-शार्पमध्ये स्वतः लिहिलेला राउटर, म्हणजे पाइपांची वाट आपोआप काढणारा प्रोग्रॅम. आणि विचारायलास, "दादा, एवढ्यावर जर्मनीत नोकरी लागेल का? का मी येईस्तोवर हे काम मशीनच करायला लागेल?" मी परळीकडचा. सहा वर्षं त्याच वाळूजच्या रस्त्यानं कंपनीच्या बसनं गेलोय, आता आठ वर्षं ऱ्हाईनकाठी लुडविग्सहाफेनच्या बाजूला आहे.

माझी इथली पहिली मुलाखत कशी गेली ते आधी ऐक. मीही असाच एक राउटर लिहिला होता. पाइपांच्या चाळीस लाइनी काही मिनिटांत कशा पडतात त्याचा व्हिडिओ दाखवला. समोरचा साठीचा इंजिनिअर शांतपणे बघत होता. मग त्यानं एका वाफेच्या लाइनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं साचणारं पाणी कुठं जाणार?" माझ्या प्रोग्रॅमनं बीम चुकवायला लाइन खाली नेऊन परत वर काढली होती. सरळ सरळ पॉकेट. वाफेच्या लाइनीत तिथं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, साचणार आणि चालू करताना वॉटर हॅमर, म्हणजे त्या पाण्याचा दणका, बसणार. पी अँड आयडीवर, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर, 'नो पॉकेट' लिहिलेलं मी स्वतः शंभरदा वाचलेलं, पण प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं होतं. ती नोकरी हातची गेली ती गेलीच.

म्हणून व्हिडिओच्या वेगावर भिस्त ठेवू नकोस. तुझा प्रोग्रॅम ए-स्टार या सगळ्यात स्वस्त वाट शोधायच्या पद्धतीवर चालतो असं लिहिलंयस. ती पद्धत १९६८ची आणि ग्रिडवर वाट शोधायची ली यांची पद्धत १९६१ची, सर्किट बोर्डाच्या तारांसाठीही तीच वापरतात. म्हणजे वाट शोधणं ही नवलाई नाही. तुला विचारतील ते पुढचं. २० बाय १० बाय ६ मीटरच्या हॉलचे ५० मिलिमीटरचे ठोकळे पाडलेस तर ९६ लाख होतात. वळणाला दंड लावायचा तर प्रत्येक ठोकळ्यात पाइप कुठल्या दिशेनं शिरला हेही लक्षात ठेवावं लागतं. दिशा सहा, म्हणजे पावणेसहा कोटींच्या घरात. त्यात डीएन १५०च्या (डीएन म्हणजे पाइपचं मिलिमीटरमधलं ठोकळ माप) लाँग रेडियस एल्बोला मध्यापासून टोकापर्यंत २२९ मिलिमीटर लागतात, ते ५० च्या ग्रिडला ठाऊक नसतं. ग्रिडवर वाट सापडते, प्रत्यक्षात दोन एल्बो एकमेकांत घुसतात. तू हे कसं सोडवलंस ते सांगता आलं पाहिजे.

लाइनींचा क्रमही तसाच. जी आधी टाकली ती सरळ जाते, शेवटची बिचारी सगळ्यांना वळसा घालते. मोठ्या, गरम आणि महागड्या धातूच्या लाइनी आधी टाकायच्या, अडलं की एखादी उचलून परत टाकायची. गरम लाइनीत आणखी एक भानगड असते. कार्बन स्टील मीटरला १०० अंशांमागे साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. ५० मीटरची लाइन २०० अंशांनी तापली की १२ सेंटिमीटर लांबते. तिथं सगळ्यात छोटी वाट ही सगळ्यात वाईट वाट ठरते, कारण लाइनीला लवायला लूप हवा. तुझा प्रोग्रॅम एल्बो वाचवत बसला तर पाइपावरचा ताण तपासणारा स्ट्रेसवाला ते डिझाइन परत पाठवणार.

आमच्या आबांनी विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइपलाइन टाकली होती. नाकासमोर गेली असती, पण भावकीतल्या एकानं चर खोदू दिला नाही, म्हणून बांधाबांधानं गेली. प्रत्येक वळणाला पाण्याचा जोर कमी होतो म्हणून आबा एल्बो मोजून घ्यायचे, आणि उंचवट्यावर हवा अडकते म्हणून तिथं व्हॉल्व्ह बसवला. प्लांटमध्येही भावकी असते रे. देखभालवाल्यांना पंप बाहेर ओढायला जागा हवी, ऑपरेटरचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोचायला हवा. हे मॉडेलमध्ये कुणी काढून ठेवत नाही, ते विचारून घ्यावं लागतं.

राहिलं मशीन काम खाईल का ते. राउटर विकणारे मी लागलो तेव्हापासून आहेत. मी तो वापरतो निविदेच्या टप्प्यावर: किती मीटर पाइप, किती एल्बो, अंदाज पटकन निघतो. भीती मला दुसरीच वाटते. इथल्या कंपन्या तपशिलाचं मॉडेलिंग पुण्या-मुंबईकडे पाठवतात. म्हणजे तू जे काम करतोस ते उलट तुझ्याकडेच येतंय, त्यासाठी तुला इकडं कोण बोलावणार? इथं उरतं ते सुरुवातीची मांडणी, साइटवर मोजमाप आणि जुन्या प्लांटमध्ये नवीन जोडणी. तिथं जाशील असा अर्ज कर, आणि राउटर त्यात जोडीला असू दे.

त्यासाठी इथले नियम वाच. तू आस्मे बी ३१.३ या अमेरिकी पायपिंग नियमावलीवर काम केलंयस, इथं ईएन १३४८० ही युरोपची नियमावली आणि युरोपचा दाबाच्या उपकरणांचा २०१४चा निर्देश चालतो. छोटी गोष्ट सांगतो: युरोपच्या डीएन १०० पीएन १६ फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) बोल्टचं वर्तुळ १८० मिलिमीटरचं, तर अमेरिकी चार इंची क्लास १५०चं १९०.५. स्पेक, म्हणजे पाइप-फ्लँजची ठरलेली यादी, बदलला नाहीस तर साइटवर बोल्टच बसणार नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन तू डिग्री केलीस हे बरं झालं. ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या कामाच्या परवान्याला, डिग्री धरतात, आधी तुझं विद्यापीठ आनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत बघ. २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना सुमारे ४३,७६०. आकडा दरवर्षी बदलतो, त्या वर्षाचा बघ. कायम राहण्याचा परवाना बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, नुसती ए-वन ही पहिली पातळी असेल तर २७ महिन्यांत मागता येतो. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेतात, तेवढे पैसे बाजूला काढूनच विमानात बस.

भाषा मात्र तिथूनच बी-वनपर्यंत आण. ऑफिसात इंग्रजी चालते म्हणतात, पण साइटवरचा फिटर जर्मनच बोलतो. देअर-दी-दास या जर्मनमधल्या तीन लिंगांना हिंदीवाले घाबरतात, आपल्याला तो-ती-ते ची सवय आहे. फक्त मुलगी तिथं नपुंसकलिंगी निघते, तेवढं पचव. (आपल्याकडं तरी लेकरू नपुंसकलिंगीच की.)

आणि हे नीट ऐक: राउटर कंपनीच्या पगारावर लिहिलास ना? मग तो कंपनीचा. त्याचा कोड किंवा त्यांचं मॉडेल अर्जासोबत कुणाला पाठवू नकोस. घरच्या लॅपटॉपवर, मनानं मांडलेल्या एका छोट्या पंपखोलीवर दुसरा लिही. दहा लाइनी पुरेत. त्यातल्या कुठल्या तीन राउटरला द्यायच्याच नाहीत आणि का, ते एका पानावर लिही. मुलाखतीत ते पान आधी दे.

मी हुरड्याच्या दिवसांत परळीला येतोय. तोवर पंपखोली झाली तर घेऊन ये. त्यात एक वाफेची लाइन टाकच.