"मॅडम, माझ्यात विलपॉवरच नाहीये"

"काहीही सुरू केलं की चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी बोंब." खुर्चीत बसता बसताच ती हे बोलली आणि पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय चाळिशीच्या जरा अलीकडे, दिवसभर ऑफिस, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, शुगर सगळं तपासून झालेलं आणि सगळं नॉर्मल, पण अंगात त्राण नाही आणि स्वतःवर सतत राग.

वही उघडली. पट्टीने आखलेले चौकोन, डावीकडे सात गोष्टी, पाचला उठणे, दहा हजार पावलं, तीन लिटर पाणी, साखर बंद, ध्यान, वाचन, दहाला झोप. पहिले चार दिवस हिरव्या टिका आणि मग लाल फुल्या, त्याही इतक्या दाबून मारलेल्या की मागच्या पानावर उमटल्या होत्या. पुढच्या महिन्याला नवीन पान, परत तीच गत.

इथे माझी चूक आधी सांगून टाकते. पहिल्या सेशनला मी तिला श्वासाचा एक पाच मिनिटांचा व्यायाम दिला. पुढच्या वेळी आली तर वहीत आठवी ओळ वाढलेली आणि तिच्यापुढेही फुल्या! आधीच लादलेल्या गाडीवर मी अजून एक पोतं टाकलं होतं.

मग वही बंद केली आणि म्हटलं, परवाचा दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत, जे झालं तेच. तर दुपारचं जेवण कामाच्या नादात चारला, तेही अर्धवट, सहा वाजता डोळे मिटायला लागले म्हणून मोठा मग भरून कॉफी आणि सोबत काहीतरी गोड, मग रात्री झोप येईना म्हणून हातात मोबाईल, एक कधी वाजला कळलंच नाही आणि पाचला अलार्म आहेच बोंबलायला. आता यात विलपॉवरचा काय संबंध? कॉफीतलं कॅफीन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन अकराला अंगात असतंच. झोप कमी पडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि गोडाकडे हात जास्त जातो. ती ज्याला स्वभावाचा दोष म्हणत होती तो बराचसा आदल्या संध्याकाळचा हिशोब होता.

"पण २१ दिवस केलं की सवय लागते ना?" हे तर मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतं. त्या २१ चं मूळ १९६० च्या आसपासचं आहे, एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, त्यातलं 'निदान' पुढे कुठेतरी गळून पडलं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. हे ऐकून ती जरा गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे फुली मारायची गरज नव्हती?"

दोनच गोष्टी ठरवल्या. जेवण दोनच्या आत आणि त्यानंतर कॉफी नाही, आणि मोबाईलचा चार्जर बेडरूमच्या बाहेर. "अलार्म मोबाईलवरच आहे" ही पळवाट आली, अपेक्षित होती, साधं घड्याळ आणा म्हटलं. पहिल्या आठवड्यात काय झालं तर बाई रात्री उठून चार्जरपाशी जाऊन उभ्या उभ्या मोबाईल बघत होत्या. सांगताना तिलाच हसू आलं, "पाय दुखायला लागले म्हणून दहा मिनिटांत परत आले." मला तर हे यशच वाटलं, आधी दोन-दोन तास जायचे!

झोप जरा रुळल्यावर चालणं आपोआप आलं, जेवणानंतर ऑफिसच्या आवारातच दहा मिनिटं. दहा हजारांचं भूत मी आधीच उतरवलं होतं, तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि ती तुकड्या-तुकड्याने केली तरी चालते.

तीन महिने झाले. ध्यान, वाचन अजून सुरूच नाही, पाणी किती पिते तेही मोजत नाही. मागच्या आठवड्यात ऑडिटमुळे तीन दिवस जेवण परत चारला गेलं. ते सांगत होती तेव्हा मी वाटच बघत होते, आता स्वतःला बोल लावणार. पण ती म्हणाली, "मॅडम, पुढचं सेशन तीनला ठेवाल का? दीडच्या वेळेला माझं जेवण हुकतं."