जालन्याच्या स्टील कारखान्यात पहिला दिवस: सेफ्टी ट्रेनिंगमध्ये नेमकं काय विचारून घ्यावं?

तुमचा भाऊ गुत्तेदाराकडून लागतोय आणि "इथं सही करा, झालं ट्रेनिंग" म्हणतात, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. सही लगेच करू देऊ नका. सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क १९८७च्या दुरुस्तीनेच कारखाने कायद्यात आला.

भट्टीवर काम असेल तर आधी एकच विचारायचं: भंगार तपासतं कोण? ओलं भंगार किंवा तोंडबंद डबा वितळलेल्या लोखंडात गेला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १,७०० पट फुगते आणि लोखंड उसळून अंगावर येतं. पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून बघायचं. कपडे सुतीच हवेत. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

रोलिंगवर, म्हणजे तापलेलं लोखंड रुळांमधून दाबून सळई काढतात तिथं, असेल तर लाल सळई वाट सोडून कुठल्या बाजूला उसळू शकते, ते विचारा. बंद करायचं बटण कुठंय, ते तिथं जाऊनच बघायचं. हेल्मेट-बूट काय, सगळेच सांगतात.

मी वाळूजला लागलो तेव्हा अर्ध्या तासाचा व्हिडिओ दाखवला होता. निम्मी पोरं झोपली. खरं शिकवलं ते शिफ्टच्या जुन्या फिटरमामांनी, चहाच्या सुट्टीत.