न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची सौदी फंडाला झालेली विक्री प्रीमियर लीगने नाकारली होती का? शेवटी कोर्टानेच ती मंजूर करायला लावली ना?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. लीगने नकार दिला नव्हता आणि कुठल्याही कोर्टाने मंजुरी द्यायला लावली नाही. पण तुमच्या प्रश्नातली दुसरी समजूत माझ्या घरातच इतकी घट्ट रुतून बसली आहे, की जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. क्लब म्हणजे काय ते पाटाकडील आणि प्रॅक्टिस या आमच्याकडच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांत कळलेलं होतं, ते कुणी वेगळं समजवायची गरज नव्हती. नोकरीनिमित्त न्यूकॅसलला राहायला गेलो, तर तिथले घरमालक आजोबा आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्यांसारखेच निघाले. तरुणपणापासून क्लबच्या मैदानावर, सेंट जेम्स पार्कच्या गॅलोगेट एंड या प्रेक्षक-स्टँडमध्ये बसणारे. माईक ॲशली मालक असताना संघ २००९ आणि २०१६ असा दोनदा खालच्या श्रेणीत गेला. मधे २०११ मध्ये मैदानालाच मालकाच्या दुकानांचं नाव चिकटवलं गेलं. आजोबांनी सीझन तिकीट बंद केलं. पुढे क्लबने अर्ध्या हंगामाची १०,००० तिकिटं फुकट वाटली, तेव्हाही ते गेले नाहीत. काळापांढरा मफलर स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला लटकत असायचा, आणि त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

एप्रिल २०२० मध्ये व्यवहार ठरल्याचं कळलं. किंमत ३० कोटी पौंड. सौदीच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाचे, म्हणजे पीआयएफचे, ८० टक्के. ब्रिटिश गुंतवणूकदार अमांडा स्टेव्हली आणि उद्योजक रुबेन बंधू यांचे दहा-दहा. आता आठवड्याभरात होईल, असं आजोबा दर आठवड्याला म्हणत. ३० जुलैला खरेदीदारांनीच माघार घेतल्याची बातमी रेडिओवर लागली. त्यांनी रेडिओ बंद केला आणि भर दुपारी झोपायला निघून गेले.

अडलं कुठे, तर लीगच्या नियमांनुसार क्लबवर ज्याचं नियंत्रण, तो संचालक, आणि प्रत्येक संचालकाने लीगची पात्रतेची कसोटी पार करायची. पीआयएफवर सौदी सरकारचं नियंत्रण आहे, म्हणून सरकारही संचालक ठरतं, असं लीगने जून २०२० मध्ये कळवलं. त्याच महिन्यात जागतिक व्यापार संघटनेचा अहवाल आला. कतारच्या बीईन वाहिनीचं प्रक्षेपण चोरणाऱ्या बीआउटक्यूवर सौदीने कारवाई केली नाही, असा त्याचा ठपका. बीईन ही प्रीमियर लीगचे प्रक्षेपण-हक्क विकत घेणारी ग्राहक. सरकार संचालक आहे की नाही ते लवादाकडून ठरवून घेऊ, असं लीग म्हणाली. खरेदीदारांनी ते मानलं नाही.

मग ॲशलीच्या क्लबने कायद्याची लढाई सुरू केली आणि प्रश्न लवादापुढे गेला. (चाहत्यांनी नव्हे. चाहते रागाने बोलत होते, दावा क्लबचा होता.) लवादाचे अध्यक्ष मायकेल बेलॉफ यांनी पूर्वी याच कसोटीच्या नियमांवर लीगला सल्ला दिला होता, म्हणून त्यांना हटवा, अशी मागणी लंडनच्या हायकोर्टात केली. मार्च २०२१ मध्ये क्लब हरला. स्पर्धाविषयक न्यायाधिकरणात वेगळा दावा होता. त्यात २९ सप्टेंबरला सुनावणी झाली तीही अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. लवादाची मुख्य सुनावणी जानेवारी २०२२ वर ढकललेली. ६ ऑक्टोबर २०२१ ला सौदीने बीईनवरची बंदी उठवल्याची बातमी आली आणि ७ तारखेला विक्री पूर्ण झाली. सौदी सरकार क्लब चालवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचं लीगने जाहीर केलं.

त्या संध्याकाळी आजोबांनी मफलर काढला आणि आम्ही दोघं मैदानाशेजारच्या स्ट्रॉबेरी प्लेसला गेलो. हजारोंची गर्दी. काही पोरांनी अरबांची नक्कल म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळले होते. मला ते फार खटकलं, कारण २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारले गेलेले सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांच्या वाग्दत्त वधू हातिजे चेंगिझ यांनी हा व्यवहार होऊ देऊ नका म्हणून जाहीर विनवणी केली होती. मी तिथेच आजोबांना तसं म्हणालो. ते म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण आज मला एवढंच कळतंय की तो ॲशली गेला. या माणसाचा मला आदर आहे. आनंद झाला होता, तो आनंद म्हणून सांगितला; न्याय मिळाला असं ते म्हणाले नाहीत.

माझा मामेभाऊ, कोल्हापुरात वकिली करणारा दादा, मात्र तेव्हापासून ऐकवतो की कायद्याने लीगला गुडघ्यावर आणलं. कुठला निकाल, दादा? सरकार संचालक आहे का, हा एकच खरा प्रश्न होता आणि तो निकाली निघायच्या आधीच सगळे उठून गेले. २०२३ मध्ये अमेरिकेत पीआयएफच्या पैशावरच्या गोल्फ लीगच्या खटल्यात पीआयएफच्या वकिलांनी स्वतःच सार्वभौम संरक्षण, म्हणजे परक्या सरकारला कोर्टापासून मिळणारी सूट, मागितलं आणि क्लबचे अध्यक्ष यासिर अल-रुमय्यान हे सौदीचे विद्यमान मंत्री असल्याचं कोर्टाला सांगितलं. तेव्हा त्या कोर्टाच्या कागदांतला तो परिच्छेद मी दादाला पाठवला. उत्तर आलं मार्च २०२५ मध्ये, वेम्बलीत लिव्हरपूलला २-१ हरवून न्यूकॅसलने लीग कप उचलला त्या रात्री: "बघ, बरोबरच होतं की नाही?" १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक, मीही रडलो. पण कप जिंकल्याने खटला जिंकला असं होत नाही.

एक मान्य करायला हवं: मी वकील नाही, आणि ती हमी शब्दशः कशी लिहिली आहे हे लीगने जाहीर केलेलं नाही. न्यायाधिकरणात कागदपत्रं उघडी करावी लागतील, या दडपणामुळे लीग तडजोडीला आली असणं शक्य आहे. दादाचं म्हणणं तेवढ्यापुरतं ऐकायला मी तयार आहे. तुम्ही वाद घालणार असाल तर हायकोर्टाचा मार्च २०२१ चा निकाल आधी वाचा, तो उपलब्ध आहे. लीगचा नेमका आक्षेप त्यात सापडेल.