मराठी भाषकाने मलय भाषेतील कर्मणी रचना कशी शिकावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण घरी बसून मलय भाषा शिकत आहात, कर्मणी वाक्य म्हणजे धातूआधी ‘दि’ आणि कर्त्याआधी ‘ओलेह’ असे आपल्या पाठ्यपुस्तकात दिले आहे, त्याप्रमाणे आपण ‘सुरात इतु सुदाह दिबाचा ओलेह साया’ (ते पत्र माझ्याकडून वाचले गेले आहे) असे वाक्य लिहिले आणि ते चुकीचे ठरले. चूक नेमकी कोठे झाली आणि हा भाग कोणत्या वाटेने शिकावा, असे आपण विचारले आहे.

क्वालालंपूरमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना हीच चूक मी कार्यालयीन पत्रव्यवहारात केली होती. ‘बोरांग इतु सुदाह दिइसी ओलेह साया’ असे मी एका सहकारी बाईंना लिहिले. वयाने मोठ्या असल्यामुळे त्यांना आम्ही सर्व जण ‘काक’, म्हणजे ताई, म्हणत असू. त्यांनी अर्थ अचूक ओळखला आणि अगदी प्रेमाने वाक्य बदलून दिले: ‘बोरांग इतु सुदाह साया इसी.’ त्या वाक्याचा मराठी अर्थ मी मनात जुळवू लागलो, तेव्हा ‘तो फॉर्म मी भरला आहे’ हे वाक्य जवळजवळ त्याच क्रमाने समोर आले. तोवर मी इंग्रजीच्या मार्गाने ही रचना समजून घेत होतो, आणि खरी अडचण तीच होती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मराठी सर्वनामांतच आहे. ‘मी पत्र वाचले’, ‘तू पत्र वाचलेस’, ‘आम्ही पत्र वाचले’, ‘तुम्ही पत्र वाचले’ या कर्मणी वाक्यांत कर्त्याला ‘ने’ लागत नाही. तृतीय पुरुषात मात्र ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्यांनी’, ‘रामाने’ असे प्रत्यय लावावेच लागतात. प्रथम व द्वितीय पुरुष एका बाजूला आणि तृतीय पुरुष दुसऱ्या बाजूला, ही जी फाळणी आपण लहानपणापासून नकळत करत आलो आहोत, तीच फाळणी मलय भाषेच्या प्रमाण व्याकरणात आहे. कर्ता प्रथम किंवा द्वितीय पुरुषी असेल, तर ‘दि’ही येत नाही आणि ‘ओलेह’ही येत नाही, सर्वनाम उघडेच राहते आणि त्याला लागून मूळ धातू येतो. ‘सुरात इतु साया बाचा’ म्हणजे ते पत्र मी वाचले आणि ‘सुरात इतु आवाक बाचा’ म्हणजे ते पत्र तू वाचलेस. कर्ता तृतीय पुरुषी असेल, तर ‘सुरात इतु दिबाचा ओलेह आली’ म्हणजे ते पत्र आलीने (आली हे माणसाचे नाव) वाचले, किंवा ‘सुरात इतु दिबाचान्या’ म्हणजे ते पत्र त्याने वाचले. थोडक्यात, मराठीत जेथे ‘ने’ किंवा ‘नी’ येतो, तेथे मलयमध्ये ‘दि’ येतो, एवढी खूणगाठ सुरुवातीला पुरेशी आहे. बोलण्यात ‘दिआ’ (तो, ती) हे सर्वनामही उघडे वापरलेले आपल्या कानावर येईल; परीक्षेच्या लेखनात मात्र वर दिलेली पद्धत पाळावी.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा जो भेद मराठीत आहे, तोही मलय भाषेत ‘किता’ आणि ‘कामी’ या रूपांनी आहे आणि दोन्ही सर्वनामे या रचनेत उघडीच राहतात. याहून सुंदर उदाहरण नात्याच्या शब्दांचे आहे. मलय माणूस आईशी बोलताना ‘तू’ म्हणण्याऐवजी ‘इबु’, म्हणजे आई, असेच म्हणतो. त्यामुळे आईलाच विचारताना ‘सुरात इतु सुदाह इबु बाचा?’ असे म्हणता येते आणि आईविषयी दुसऱ्या कोणाला सांगताना ‘सुरात इतु सुदाह दिबाचा ओलेह इबु’ असे म्हणावे लागते. शब्द तोच असला, तरी समोरची व्यक्ती आणि तिसरी व्यक्ती यांतील फरक रचना सांभाळते.

येथे उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मलय भाषेतील ‘च’ हा ‘चहा’मधील आहे, ‘चाक’मधील नव्हे. शिवाय ‘बाचा’ हा धातू संस्कृतातील ‘वाच्’पासूनच तिकडे गेला आहे, त्यामुळे आपण आणि मलय भाषक वाचण्यासाठी मुळात एकच शब्द वापरतो.

मराठीचे साहाय्य कोठे संपते, हेही लक्षात ठेवावे. मराठीत कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये काहीही घालता येते: ‘ते पत्र मी अजून वाचलेले नाही.’ मलयमध्ये सर्वनाम आणि धातू यांची जोडी फोडता येत नाही. ‘सुदाह’ (झाले आहे), ‘बलुम’ (अजून नाही), ‘तिदाक’ (नाही), ‘आकान’ (भविष्यकाळ) हे सर्व शब्द त्या जोडीच्या आधी ठेवावे लागतात. म्हणून ‘सुरात इतु बलुम साया बाचा’ हे शुद्ध आणि ‘सुरात इतु साया बलुम बाचा’ हे अशुद्ध. मराठी विद्यार्थ्याची सर्वांत जास्त चूक येथेच होते असा माझा अनुभव आहे, आणि ती टाळण्यासाठी ‘सायाबाचा’ हा जणू एकच शब्द आहे असे समजून मोठ्याने म्हणण्याचा सराव करावा. ‘साया’ऐवजी ‘आकु’ या घरगुती सर्वनामाचे आखूड रूप वापरले, तर लेखनातही ते खरोखरच एका शब्दात जोडले जाते: ‘कुबाचा’.

दुसरा फरक अधिक खोल आहे. मराठीत ‘मी पत्र वाचले’ हा कर्मणी प्रयोग भूतकाळामुळे होतो. तेथे आपल्याला निवड नसते. मलय क्रियापदाला काळच नसल्यामुळे ही रचना कोणत्याही काळात येऊ शकते: ‘सुरात इतु आकान साया तुलिस’ म्हणजे ते पत्र मी लिहीन. मग कर्तरी की कर्मणी हे ठरते कशावरून? बहुतेक वेळा कर्मावरून. ज्या वस्तूविषयी बोलणे चालू आहे, जी ऐकणाऱ्याला ठाऊक आहे आणि जिच्यानंतर ‘इतु’ (ते) किंवा ‘इनी’ (हे) लागले आहे, ती वस्तू वाक्याच्या आरंभी येण्याकडे ओढ असते, आणि ती आरंभी आली की रचना कर्मणी होते. ‘साया मम्बली बुकु’ म्हणजे मी पुस्तक विकत घेतले, कोणते तरी. ‘बुकु इतु साया बली’ म्हणजे ते पुस्तक मी विकत घेतले. म्हणूनच मलय कर्मणी वाक्याचे भाषांतर ‘माझ्याकडून वाचले गेले’ असे सरकारी परिपत्रकासारखे करू नये. जुन्या हिकायतींच्या, म्हणजे मलय कथाग्रंथांच्या, शैलीत ‘माका दिआम्बिलन्या करिस इतु’ अशा धाटणीची वाक्ये ओळीने येतात. त्यांतून ‘मग त्याने ती कट्यार घेतली’ एवढाच सरळ अर्थ निघतो, आणि हा मराठी अर्थही आपोआप कर्मणीच असतो.

विशेषण-वाक्यांत तर ही रचना टाळताच येत नाही. ‘मी वाचलेले पुस्तक’ म्हणजे ‘बुकु यांग साया बाचा’ (‘यांग’ म्हणजे जो, जे), ‘आलीने वाचलेले पुस्तक’ म्हणजे ‘बुकु यांग दिबाचा ओलेह आली’ आणि ‘पुस्तक वाचणारा मुलगा’ म्हणजे ‘बुदाक यांग मम्बाचा बुकु’. प्रमाण मलयमध्ये ‘यांग’च्या आधी असलेले नाम हे पुढील क्रियापदाचे उद्देश्यच असावे लागते, त्यामुळे ‘बुकु यांग साया मम्बाचा’ हे वाक्य चालत नाही. ‘णारा’ दिसला की ‘मम्’ हा कर्तरी उपसर्ग आणि ‘लेला’ दिसला की कर्मणी, असे मी स्वतःसाठी ठरवून घेतले होते आणि त्याने मला फारच थोड्या वेळा दगा दिला.

कर्तरी रूपात धातूचे पहिले व्यंजन अनेकदा गळते: ‘पुकुल’ (मारणे) याचे ‘ममुकुल’ होते, ‘तुलिस’चे ‘मनुलिस’, ‘सापु’ (झाडणे) याचे ‘मन्यापु’. कर्मणीत मात्र ‘दिपुकुल’, ‘दितुलिस’, ‘दिसापु’ असा धातू अखंड राहतो. मलय शब्दकोश धातूंच्या क्रमाने लावलेले असतात, म्हणून नवशिक्याला कर्मणी रूपावरून शब्द शोधणे कर्तरीपेक्षा सोपे जाते. ‘येथे’, ‘मध्ये’ या अर्थाचे ‘दि’ हे वेगळे शब्दयोगी अव्यय आहे. ‘दि पासार’ (बाजारात) हे तोडून लिहावे आणि ‘दिजुआल’ (विकले जाते) हे जोडून. दुकानांच्या पाट्यांवर यात पुष्कळ चुका आढळतात, त्यांवरून शिकू नये. शंका आल्यास देवान बाहासा दान पुस्ताका या 1956 साली स्थापन झालेल्या संस्थेचा कोश पाहावा. तिच्या नावातच आपले ‘भाषा’ आणि ‘पुस्तक’ हे दोन्ही शब्द आहेत.

आता ‘ओलेह साया’ कधीच येत नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. ‘तर’ हा उपसर्ग शक्यता किंवा अनवधान दाखवतो, आणि त्याच्याबरोबर ते चालते: ‘बातु इतु तिदाक तरांगकात ओलेह साया’, म्हणजे तो दगड माझ्याने उचलवत नाही. येथेही मराठीकडे पाहावे. आपल्या शक्य कर्मणी प्रयोगात प्रथम पुरुषालाही ‘माझ्याने’ असा ‘ने’ लागतो, आणि मलयमध्येही नेमक्या याच ठिकाणी प्रथम पुरुषाला ‘ओलेह’ लागतो. दोन भाषांचे कुळ वेगळे असताना असे जुळणे मला आजही थक्क करते. अनवधानाची उदाहरणे म्हणजे ‘तरतिंगाल’ (राहून गेले) आणि ‘तरतिदुर’ (डोळा लागला).

बोलभाषेतील ‘कना’ हा शब्द मराठीतील ‘लागणे’च्या फार जवळचा आहे: ‘कना हुजान’ म्हणजे पाऊस लागणे, ‘साया कना पर्गी’ म्हणजे मला जावे लागते, ‘कना पुकुल’ म्हणजे मार बसणे. औपचारिक पत्रात तो वापरू नये.

सरावासाठी दिवसभरात आपण केलेल्या 10 कामांची वाक्ये मराठी भूतकाळात लिहावीत, कर्म आरंभी आणावे, मग त्यांचे मलय करावे. दुसऱ्या दिवशी तीच कामे घरातील दुसऱ्या व्यक्तीने केली असे समजून ‘दि’ लावावा. आठवड्यानंतर ‘बरिता हारियान’सारख्या वृत्तपत्रातील अपघात आणि गुन्हे यांच्या बातम्या वाचायला घ्याव्यात, कारण ‘दिताहान’ (अटक केली), ‘दिकजारकान क हॉस्पिताल’ (तातडीने रुग्णालयात नेले) अशी रूपे तेथे सारखी भेटतात, आणि ‘ललाकी यांग दिताहान’ वाचताच ‘अटक केलेला पुरुष’ असा अर्थ मधली कोणतीही भाषा न आणता मनात येऊ लागतो.